गाडीचा स्पीकर घरात वाजेल का?

निपाणीच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. जुनी गाडी विकताना त्यांनी दारांतले साडेसहा इंची दोन आणि मागच्या ट्रेवरचे लंबगोल ६×९ इंची दोन, असे चार स्पीकर काढून ठेवलेत. चारही ४ ओहमचे (ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा). घरी जुना स्टीरिओ अ‍ॅम्प आहे, त्याच्या पाठीवर ८ ओहम लिहिलंय. हे स्पीकर त्याला जोडले तर चालतील का? आणि घरातले दोन मोठे बॉक्स पडून आहेत, त्यांतले वूफर (खर्जाचे मोठे स्पीकर) काढून नव्या गाडीच्या दारात बसवता येतील का? स्पीकर म्हणजे शेवटी कोन, कॉईल आणि मॅग्नेटच, मग दोन्हींत फरक तो काय?

बेळगावात स्पीकर दुरुस्तीच्या बाकावर बसून मला तीस वर्षं होत आली. हा प्रश्न महिन्याला दोन-तीनदा तरी येतो, आणि दर वेळी तो फक्त ओहमचा आहे असं समजून विचारला जातो. ओहमचा भाग आहेच, पण तो सोपा आहे, त्याला उपाय आहेत. खरा फरक स्पीकरच्या पाठीमागे काय आहे याचा आहे. गाडीचा स्पीकर दारासाठी बनवलेला असतो, घरचा स्पीकर त्याच्या पेटीसाठी. पेटीतून काढलेला घरचा वूफर आणि दारातून काढलेला गाडीचा स्पीकर, दोन्ही अर्धेच असतात. उरलेलं अर्धं तुम्ही मागे सोडून आलेलं असतं.

आधी ओहम उरकून घेतो, कारण अ‍ॅम्प जळतो तो तिथे.

गाडीत वीज असते १२ व्होल्टची, इंजिन चालू असताना साधारण १४.४. डेकमधला, म्हणजे गाडीच्या म्युझिक सिस्टीममधला, आयसी (चिप) स्पीकरच्या दोन्ही टोकांना उलटसुलट ढकलून तेवढ्या व्होल्टचा पुरेपूर वापर करतो, पण त्यापलीकडे जाणार कुठून? १४.४ व्होल्टच्या शिखराचे आरएमएस, म्हणजे ताकदीच्या हिशेबात धरायचे, होतात १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग काढून ४ ओहमने भागलं की २६ वॅट. हे कागदावरचे. प्रत्यक्षात आवाज न फाटता एका चॅनेलला वीसच्या आसपास वॅट मिळतात. डेकवर "५० × ४" छापलेलं असतं ते आवाज पूर्ण फाटल्यानंतरचं. याच डेकला ८ ओहमचा स्पीकर लावला की कागदावरचे वॅट निम्मे, म्हणजे १३. गाडीवाल्यांनी ४ ओहम निवडले ते एवढ्यासाठी: व्होल्ट वाढवता येत नाहीत, मग ओहम कमी करा आणि जास्त करंट घ्या.

घरात ती अडचण नाही. २३० व्होल्टवर ट्रान्सफॉर्मर बसवला की आत पाहिजे तेवढे व्होल्ट करता येतात. आतला पुरवठा अधिक-उणे ३५ व्होल्टचा असेल तर ८ ओहमवर आरामात ६० वॅटच्या आसपास निघतात. अशा अ‍ॅम्पला ४ ओहमचा स्पीकर लावला की तेवढ्याच व्होल्टला दुप्पट करंट ओढला जातो. अ‍ॅम्पच्या पाठीवर "४ ते १६ ओहम" लिहिलेलं असेल तर काळजी नाही, तो त्या हिशेबानेच बनवलेला असतो. नुसतं ८ लिहिलं असेल, तर हळू आवाजात तुम्हाला काहीच कळणार नाही. आठवडाभर छान वाजेल. मग एखाद्या दिवशी घरात कार्य असेल, आवाज वाढवाल, आणि तासाभरात हीटसिंकला हात लावता येणार नाही.

एका भजनी मंडळाचा अ‍ॅम्प असाच आला होता, एकादशीच्या दुसर्‍या दिवशी. मंडळातल्या एका पोराने गाडीचे चार स्पीकर मिळवले आणि देवळाच्या चार खांबांना एक-एक बांधला. दोन-दोन स्पीकर एका चॅनेलला समांतर जोडलेले. ४ ओहमचे दोन समांतर म्हणजे २ ओहम. हरिपाठ झाला, भजनाला रंग चढला, पखवाजाच्या थापेबरोबर आवाज तुटायला लागला म्हणून कोणीतरी व्हॉल्यूम अजून वाढवला. मी झाकण उघडलं तेव्हा जळक्या वार्निशचा वास अजून आत कोंडलेला होता. डाव्या चॅनेलचे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट. त्यातला एक शॉर्ट झाला त्या क्षणी आतल्या पुरवठ्याचा सगळा डीसी थेट स्पीकरवर गेला. त्या बाजूचे दोन्ही स्पीकर मी हातात घेतले, तीन बोटं कोनवर समान ठेवून हलकेच आत दाबलं, तर खर्र खर्र. कॉईलची तार भाजून फुगली होती आणि मॅग्नेटच्या फटीत घासत होती. ही तीन बोटांची परीक्षा तुम्हीही करा. चांगला स्पीकर दाबताना काहीही आवाज करत नाही. एका बाजूने दाबू नका, त्याने चांगला स्पीकरही घासतो आणि उगाच बिघडलेला वाटतो.

स्पीकर ४ चा की ८ चा हे लेबल पुसलेलं असलं तरी मीटर सांगतो. साध्या मल्टिमीटरला ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.७ दाखवेल, ८ चा साडेपाच ते सातच्या दरम्यान. लेबलपेक्षा आकडा कमीच येणार, कारण मीटर फक्त तारेचा रोध मोजतो.

तुमच्याकडे दोन जोड्या आहेत म्हणून तुमच्या डोक्यात येईल की एका चॅनेलला एक साडेसहा इंची आणि एक ६×९ एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले की ४ आणि ४ मिळून ८ झाले. अ‍ॅम्प वाचेल, हे खरं. पण सिरीज जोडणी एकसारख्या दोन स्पीकरनाच शोभते. कुठल्याही स्पीकरचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. खर्जातल्या एका ठरावीक जागी तो कित्येक पटीने वाढतो, आणि ती जागा प्रत्येक मॉडेलची वेगळी. मग एक स्पीकर दुसर्‍याचा वाटा अडवत राहतो. आवाज येतो, पण मध्येच एखादा सूर फुगतो, एखादा बसतो. काही जण सिरीजमध्ये ४ ओहमचा जाड सिरॅमिक रेझिस्टर टाकतात. त्यानेही अ‍ॅम्प वाचतो, पण अर्धी ताकद रेझिस्टर तापवण्यात जाते आणि खर्ज सैल होतो. अ‍ॅम्पची पकड कोनवर राहत नाही, तबल्याचा बायाँ (डग्गा) ठप्प थांबण्याऐवजी लोंबत राहतो. मी हे दोन्ही उपाय सुचवत नाही.

आता मुख्य गोष्ट.

तुमच्या साडेसहा इंचीतला एक स्पीकर घ्या, उघडाच हातात धरा आणि त्यावर तबल्याचं काहीतरी हळू लावा. चाट ऐकू येईल, बायाँ जवळपास गायब. आता एका प्लायच्या तुकड्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर घट्ट धरा. तोच अ‍ॅम्प, तोच आवाज, आणि बायाँ एकदम आत येतो. माझ्याकडे बाकाखाली असा दोन फुटांचा प्लाय कायम असतो. पंधरा मिनिटं बोलून जे पटत नाही ते या प्लायने दोन सेकंदांत पटतं. कारण साधं आहे. कोन पुढे जाताना समोरची हवा दाबतो आणि मागची ओढतो. खर्जाच्या लांब लाटांमध्ये ही मागची ओढ कडेने वळसा घालून पुढे येते आणि पुढचा दाब खाऊन टाकते. स्पीकरची पुढची बाजू मागच्या बाजूपासून तोडणं, हे पेटीचं पहिलं काम.

पेटी दुसरंही काम करते. आतली कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी कोनला मागे खेचते. घरचा वूफर बनवताना कोनची मागची ताण सैल ठेवतात, कारण उरलेली ताण पेटीतली हवा देणार हे गृहीत असतं. म्हणूनच घरच्या स्पीकरला पेटी अमुक लिटरचीच लागते. पुढे नळी असेल तर तिची लांबीसुद्धा त्याच हिशेबातली. गाडीच्या दाराचं तसं नाही. कुठल्या कंपनीच्या कुठल्या गाडीच्या दारात हा स्पीकर जाणार हे बनवणार्‍याला माहीत नसतं. दार मोठं, आत काच वरखाली होते, खाली पाणी जायला भोकं. हवेची स्प्रिंग तिथे मिळेल यावर विसंबता येत नाही. म्हणून गाडीचा स्पीकर स्वतःच्याच अंगच्या ताणीवर कसातरी तग धरेल असा बनवतात. मोठ्या जागेत तो ठीक वागतो, छोट्या घट्ट पेटीत कोंडला की खर्जाच्या वरच्या भागात फुगतो. ऐकणारा म्हणतो, "भोपळ्यात बसून बोलल्यासारखं वाटतंय."

आमच्या भागात पूर्वी घरोघरी स्पीकर माठावर उपडा ठेवायचे. खानापूरची माती कौलांना आणि मडक्यांना नावाजलेली, माठाला तोटा नव्हता. त्यात पहिलं काम, पुढची-मागची हवा तोडण्याचं, व्यवस्थित होतं, म्हणून उघड्या स्पीकरपेक्षा माठावरचा स्पीकर कितीतरी भरदार लागायचा. पण माठ गोल. आतली लाट सगळ्या बाजूंनी सारख्याच अंतरावर आपटून एकदम परत येते, त्यामुळे एक ठरावीक सूर सारखा घुमत राहतो. त्याच सुरात कोणी गायला लागलं की माठच गातो.

तर तुमच्या दारातल्या साडेसहा इंचींना घरात पेटी करायचीच असेल, तर १८ मिलिमीटर प्लायची, आतून ३० × २५ × २० सेंटिमीटर. १५ लिटर झाले. सांधे फेविकॉलने भरा, स्पीकरच्या कडेखाली फोमची पट्टी द्या, कुठूनही हवा गळता कामा नये. आत निम्म्या जागेत उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैल पसरा. गादीचा कापूस नको, खानापूर-जांबोटीच्या पावसात तो ओल धरतो, गोळा होऊन बसतो आणि महिन्याभरात पेटीला वास येतो.

मी ही पेटी बनवून दिल्यावर पुष्कळांची एकच तक्रार असते: आवाज टोचतो. हा दोष पेटीचा नाही. गाडीत तुम्ही स्पीकरसमोर बसत नाही. तो गुडघ्याजवळ, आडवा, अर्धा डोअर पॅडच्या जाळीआड. वरचे सूर सरळ रेषेत जातात, आणि तुमचे कान त्या रेषेत नाहीत. वर टायरचा, वार्‍याचा, इंजिनचा गोंगाट. हायवेवर वंटमुरीचा घाट चढताना खालच्या गिअरमध्ये इंजिन काय आवाज करतं ते आठवा. त्यावर मात करायला गाडीच्या स्पीकरचा ट्विटर, म्हणजे वरचे सूर काढणारा छोटा स्पीकर, मुद्दाम तेज ठेवतात. तोच स्पीकर शांत खोलीत, कानाच्या उंचीवर, समोर तोंड करून ठेवला की 'स' आणि 'श' सुईसारखे लागतात. उपाय सोपा: पेट्यांची तोंडं सरळ तुमच्याकडे न करता थोडी बाहेरच्या बाजूला वळवा. त्यानेच बराच फरक पडतो.

शिवाय बहुतेक कोएक्सियल (मोठ्या कोनच्या मधोमध ट्विटर बसवलेल्या) स्पीकरमध्ये ट्विटरसाठी क्रॉसओव्हर, म्हणजे सूर वाटून देणारा भाग, म्हणून एकच छोटा कपॅसिटर असतो. ४.७ मायक्रोफॅरडचा असेल आणि ट्विटर ४ ओहमचा, तर तो साडेआठ हजार हर्ट्झच्या आसपास काम सुरू करतो. म्हणजे गाणार्‍याचा जवळजवळ सगळा आवाज एकटा मोठा कोनच काढतो. घरच्या चांगल्या बॉक्समध्ये हीच वाटणी अडीच-तीन हजारांपाशी होते, कॉईल आणि कपॅसिटर दोन्ही लावून. फरक ऐकायचा असेल तर तानपुरा लावा. सुळेभावी आपल्या बेळगावजवळच, कुमार गंधर्व १९२४ साली तिथे जन्मले. त्यांचं कुठलंही गाणं घ्या आणि गाणं सुरू व्हायच्या आधीचा नुसता तानपुरा ऐका. चांगल्या घरच्या स्पीकरवर जवारी, म्हणजे तारांची झणझणती गुंज, एका जागी उभी राहते, तारा मोजता येतात. गाडीच्या स्पीकरवर तीच जवारी दोन तुकड्यांत येते, खाली गुंजन आणि वर चरचर, मधला धागा पातळ.

यातूनच तुमच्या दुसर्‍या प्रश्नाचं अर्धं उत्तर निघतं, आणि एक इशाराही. घरच्या बॉक्समधला वूफर फाटला म्हणून त्या जागी गाडीचा ४ ओहमचा बसवून देणारे पुष्कळ आहेत. स्क्रूची भोकं जुळतात, वाजतोही. पण आतली क्रॉसओव्हरची कॉईल ८ ओहम धरून काढलेली असते. ओहम निम्मे झाले की ती वूफरला तीन हजारांऐवजी दीड हजारावरच उतरवायला लागते. ट्विटर मात्र तीन हजारांवरच सुरू होतो. मधल्या पट्ट्यात कोणीच पूर्ण ताकदीने वाजत नाही, आणि शब्दांचा स्पष्टपणा तर त्याच पट्ट्यात असतो. गाणं ऐकू येतं, शब्द कळत नाहीत, आणि लोक ट्विटर बदलत बसतात. म्हणून तुमचे घरचे बॉक्स मोडू नका. वूफर फाटला असेल तर तोच रिकोन करून घ्या, म्हणजे त्यालाच नवा कोन आणि कॉईल बसवून घ्या.

घरचा वूफर गाडीच्या दारात मात्र नको. एक तर बसणार नाही. बहुतेक दारांत पाच-सहा सेंटिमीटर खोली मिळते, त्यापलीकडे काच खाली येते. घरच्या वूफरचा मॅग्नेट मागे आठ-नऊ सेंटिमीटर सहज जातो. बसवलात तरी ८ ओहममुळे डेककडून निम्मीच ताकद मिळेल. आणि पेटीतल्या हवेची स्प्रिंग गेल्यामुळे त्याचा सैल कोन खड्ड्याच्या धक्क्यालासुद्धा मर्यादेपलीकडे हलेल.

शिवाय हवामान. गाडीच्या स्पीकरचा कोन बहुधा प्लास्टिकचा, कड रबराची, कारण पावसाळ्यात काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या आतूनच खाली वाहतं. घरच्या स्पीकरचा कोन पुष्कळदा कागदाचा आणि जुन्यांची कड फोमची. कणकुंबीकडून चोर्ला घाट ओलांडून गोव्याला पावसाळ्यात चार खेपा झाल्या की कागद फुगतो. तिकडे अथणी-रायबागच्या उन्हाळ्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी होते आणि फोमची कड हाताला चुर्‍यासारखी लागते. एकाच जिल्ह्यात हे दोन्ही टोकं आहेत. माझ्याकडे दोन्हीकडून गिर्‍हाइकं येतात, आणि कोन बघून गाडी कुठली हे मला बर्‍याचदा आधी कळतं.

घरचा बॉक्स आख्खा मागच्या सीटवर किंवा डिकीत ठेवून वाजवणारेही आहेत. शिवजयंतीच्या चित्ररथाला ट्रॅक्टरवर दोरीने घट्ट बांधून, चालण्याच्या वेगाने, ठीक आहे. गाडीत सुटा बॉक्स ठेवून हायवेला जाऊ नका. दहा किलोची लाकडी पेटी जोराच्या ब्रेकला पुढच्या माणसाच्या मानेवर येते. आवाजाच्या कुठल्याही हिशेबापेक्षा हे मी जास्त कळकळीने सांगतो.

गाडीत खर्ज एवढा दणदणीत का वाटतो आणि तोच सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) घरात का मिळमिळीत होतो, हेही लोक विचारतात. ६० हर्ट्झची लाट पावणेसहा मीटर लांब असते. गाडीची आतली लांबी त्याच्या निम्म्याएवढी धरा. लाट पसरायला जागाच उरत नाही, तेव्हा स्पीकर पंपासारखी आख्ख्या केबिनची हवा दाबतो आणि खालचे सूर आपोआप वाढतात. ही मदत धरूनच गाडीचे सब बनवतात. हॉलमध्ये ती मदत नाही. भिंतीच्या कोपर्‍यात सरकवलात तर थोडी मिळेल, बस्स.

मग तुमच्या चार स्पीकरचं काय करायचं? मी तुमच्या जागी असतो तर घरच्या ८ ओहमच्या अ‍ॅम्पला त्यांच्यासाठी हातच लावला नसता. तो अ‍ॅम्प आणि ते मोठे बॉक्स एकमेकांसाठी आहेत, त्यांना एकत्र वाजू द्या. गाडीच्या स्पीकरना गाडीचाच जुना डेक द्या, आणि डेकला १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे १२ व्होल्ट करून देणारा पुरवठा. डेकची पिवळी आणि लाल वायर दोन्ही मिळून एसएमपीएसच्या प्लसला, काळी मायनसला. पिवळीवर मेमरी चालते, लाल म्हणजे चावी. पिवळीवर १० अँपिअरचा फ्यूज ठेवा. एक चूक मात्र कधी करू नका: स्पीकरच्या मायनस वायरी एकत्र करून काळ्या वायरला जोडू नका. गाडीच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर साधारण सहा-सात व्होल्ट उभे असतात. त्यातलं एक टोक अर्थला टेकलं की आउटपुट आयसीचं काम संपलं. चार स्पीकर, आठ वायरी, प्रत्येक वेगळी.

साडेसहा इंचींना वर सांगितलेल्या पेट्या करा. ६×९ ना पेटी करायला मी सांगत नाही. त्यांना खरं तर डिकीसारखी मोठी जागा मागे लागते आणि ओव्हल भोक कापण्यातच सुताराचा दिवस जातो. जुन्या लाकडी कपाटाचं एखादं दार किंवा माळ्याची फळी असेल, जिच्या मागे मोठी बंद पोकळी आहे, तर तिथे ते बसवा. एका गिर्‍हाइकाने शेतघराच्या माळ्याच्या फळीला बसवलेत, मागे आख्खा माळा. मी आजवर ऐकलेल्या ६×९ मध्ये ते सगळ्यांत मोकळे वाजतात.

जोडताना प्लस-मायनस दोन्ही बाजूंना सारखं ठेवा. टर्मिनलवरच्या खुणा पुसल्या असतील तर घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घ्या आणि त्याच्या दोन वायरी स्पीकरला क्षणभर टेकवा. कोन पुढे उडाला तर सेलचं प्लस ज्या टोकाला आहे ते प्लस, आत गेला तर उलट. चारही स्पीकरना नखपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवा. एक जरी उलटा जोडला गेला तर दोन स्पीकर एकमेकांचा खर्ज खातील. मग दोघांच्या बरोबर मधे बसून तानपुरा लावा: तो समोर मध्यावर एका जागी आला पाहिजे. डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटला, तर एकाच पेटीच्या वायरी अदलाबदल करून पुन्हा ऐका.